चित्र येतं, आवाज येत नाही: एचडीएमआयचा आवाज ग्राफिक्स ड्रायव्हरमधून कसा लावायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो. शाळेच्या डिजिटल खोलीत ५५ इंची टीव्ही आहे. त्याला एचडीएमआय केबलने डेस्कटॉप जोडलाय, त्यात एएमडीचं ग्राफिक्स कार्ड आणि लिनक्स मिंट. चित्र स्वच्छ येतं, आवाज अजिबात नाही. पॅव्हुकंट्रोल हा आवाजाच्या सेटिंगचा प्रोग्रॅम उघडला की एचडीएमआयचं नाव दिसतं, पण पुढे 'अनप्लग्ड' लिहिलेलं असतं. हीच केबल लॅपटॉपला लावली की टीव्ही बोलायला लागतो. शेजारच्या संगणक कक्षात विंडोज आणि एनव्हिडियाचं कार्ड असलेलं आणखी एक मशीन आहे, त्यावर आवाज कधी येतो, कधी नाही. ड्रायव्हरमध्ये नेमकं काय बदलायचं, असं तुम्ही विचारलंय.

याच प्रश्नात तुम्ही जाता जाता एक वाक्य लिहिलंय: इन्स्टॉल करताना स्क्रीन काळी पडत होती म्हणून कोणीतरी सुचवल्यावरून कर्नेलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, सुरू होताना 'नोमोडसेट' हा शब्द दिला, आणि तेव्हापासून चित्र व्यवस्थित आहे. माझ्या मते तुमचं दुखणं याच वाक्यात आहे. गेले काही दिवस तुम्ही साउंडच्या सेटिंगमध्ये जो खटाटोप केलात, तो म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. पण हे समजल्याशिवाय पुढची कुठलीच सेटिंग नीट लागणार नाही, म्हणून आधी आवाज या केबलमधून जातो कसा ते सांगतो.

एचडीएमआयमध्ये आवाजासाठी वेगळी तार नसते. आवाज चित्राच्या पोटातून जातो. तुमचा टीव्ही १९२० बाय १०८० दाखवतो, पण केबलमधून प्रत्येक ओळीत १९२० नव्हे, २२०० पिक्सेलएवढा वेळ जातो, आणि ओळीही १०८० नव्हे, ११२५ असतात. ही जास्तीची जागा जुन्या पिक्चर ट्यूबच्या काळापासून चालत आलेली मोकळी पट्टी आहे, तिला ब्लँकिंग म्हणतात. एचडीएमआय आलं तेव्हा, म्हणजे २००२ साली, त्याच मोकळ्या पट्टीत आवाजाची पाकिटं भरायची असं ठरलं. डीव्हीआयमध्ये हीच पट्टी रिकामी जाते, म्हणून डीव्हीआयला आवाज नाही. डिस्प्लेपोर्टची पाकिटं वेगळ्या प्रकारची असतात, पण तत्त्व हेच: आवाज चित्राच्या मधल्या फटीतून जातो.

आता ही पाकिटं भरतं कोण? ग्राफिक्स चिप. आणि भर म्हणून सांगतं कोण? ग्राफिक्स ड्रायव्हर. साउंड ड्रायव्हर नव्हे. सगळी गोम इथे आहे. तुमच्या कार्डावर दोन उपकरणं बसलेली असतात. एलएसपीसीआय ही आज्ञा दिलीत तर एकाच क्रमांकाखाली शेवटी .० आणि .१ अशा दोन नोंदी दिसतील. पहिली चित्राची, दुसरी ऑडिओची. ऑडिओच्या भागाला लिनक्सचा नेहमीचा साउंड ड्रायव्हर चालवतो आणि आवाज दारापर्यंत आणून ठेवतो. दार उघडायचं काम मात्र चित्राच्या ड्रायव्हरचं.

दार उघडायचं की नाही हे तो टीव्हीला विचारून ठरवतो. प्रत्येक टीव्ही-मॉनिटरमध्ये ईडीआयडी नावाची एक छोटी ओळखचिठ्ठी असते. मूळ चिठ्ठी १२८ बाइटची. त्यात फक्त चित्राची माहिती. तिला जोडून पुढचा १२८ बाइटचा पुरवणी भाग असला, तर त्यात 'मी एचडीएमआय समजतो', 'मला आवाज चालतो', 'किती चॅनल, किती किलोहर्ट्झ' हे सगळं लिहिलेलं असतं. ग्राफिक्स ड्रायव्हर ती चिठ्ठी वाचतो, आवाजाचा मजकूर वेगळा काढतो आणि ईएलडी नावाच्या छोट्या नोंदीच्या रूपात साउंड ड्रायव्हरकडे सोपवतो. ती नोंद हाती आली की साउंड ड्रायव्हर म्हणतो, 'पलीकडे कोणीतरी ऐकणारं आहे.' नाही आली तर तो म्हणतो, 'अनप्लग्ड.'

नोमोडसेट दिलं की एएमडीचा ड्रायव्हर कामालाच लागत नाही. चित्र दिसतं, कारण मशीन सुरू होताना फर्मवेअरने (मशीनमध्येच बसवलेल्या मूळ सॉफ्टवेअरने) एक साधा पडदा तयार करून ठेवलेला असतो आणि लिनक्स त्यावरच रंगवत राहतं. त्या अवस्थेत टीव्हीची चिठ्ठी वाचून ती पुढे पोचवणारं कोणी नाही. साउंड ड्रायव्हर आपल्या जागी बसून वाट बघतोय आणि निरोप आणणाराच झोपलाय.

खात्री करून घ्या. खालच्या आज्ञा मी देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर त्या रोमन लहान अक्षरांत टाइप करा. 'कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन' दिलंत की कर्नेलला मिळालेले शब्द दिसतील. त्यात नोमोडसेट आहे का बघा. मग 'एलएसपीसीआय -के' द्या. कार्डाच्या नोंदीखाली 'कर्नेल ड्रायव्हर इन यूज' या ओळीत एएमडीजीपीयू किंवा रेडिऑन असायला हवं. ती ओळच नसेल तर ड्रायव्हर लागलेला नाही. सिस्टिम इन्फोमध्ये ग्राफिक्सपुढे एलएलव्हीएमपाइप दिसलं तरी तोच अर्थ: चित्र प्रोसेसर काढतोय, कार्ड नव्हे. मुलांना व्हिडिओ दाखवताना मशीन धापा टाकत असेल, तर त्याचंही कारण हेच.

नोमोडसेट एकदम पुसून टाकू नका. मशीन सुरू होताना ग्रबचा (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमचा) मेनू आणा, मिंटच्या ओळीवर ई दाबा, लिनक्स या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीतलं नोमोडसेट खोडा आणि एफ१० दाबा. हा बदल त्या एका वेळेपुरताच राहतो. स्क्रीन काळी पडली तर बटण दाबून बंद करा, पुढच्या वेळी सगळं पूर्ववत येईल. स्क्रीन नीट आली, तर 'ईटीसी' फोल्डरातल्या 'डिफॉल्ट' मधली ग्रब फाईल उघडून तिथून तो शब्द काढा आणि 'अपडेट-ग्रब' चालवा. काळीच पडली, तर बहुतेक वेळा कार्ड नवीन आणि कर्नेल किंवा फर्मवेअर जुनं असा मामला असतो. नोमोडसेटवरच मशीन सुरू करून अपडेट मॅनेजरमधून सगळी अपडेट्स घ्या, त्याच्याच व्ह्यू मेनूतून नवा कर्नेल निवडा आणि पुन्हा प्रयत्न करा. नोमोडसेट हे इन्स्टॉल पार पडेपर्यंतचं औषध आहे. ते कायम ठेवायचं नसतं, हे सांगणाऱ्यांनी सांगायला हवं होतं.

एवढ्याने आवाज आला नाही तर पुढची पायरी म्हणजे ईएलडी स्वतःच्या डोळ्यांनी बघणं. मी कुठेही गेलो तरी आधी हेच बघतो, व्हॉल्यूमला हातही लावत नाही. 'प्रॉक' मध्ये 'एसाउंड' फोल्डर आहे, त्यात कार्ड०, कार्ड१ असे उपफोल्डर असतात, आणि ग्राफिक्सच्या कार्डात ईएलडी अक्षरांनी सुरू होणाऱ्या फायली. एका आउटपुटला एक फाईल, म्हणून चार-पाच असू शकतात, बहुतेक रिकाम्या. जिथे टीव्ही लागलाय तिथे 'मॉनिटर_प्रेझेंट १' आणि 'ईएलडी_व्हॅलिड १' दिसायला हवं. त्याखाली टीव्हीचं नाव, कनेक्शन टाइप एचडीएमआय, आणि मग आवाजाच्या ओळी: कोडिंग टाइप एलपीसीएम, चॅनल्स २, रेट्स ३२०००, ४४१००, ४८०००, बिट्स १६, २०, २४. साध्या टीव्हीची चिठ्ठी अशीच असते.

या फाईलमध्ये टीव्हीचं नाव दिसलं की ग्राफिक्स ड्रायव्हरने आपलं काम केलं, आता दोष साउंडच्या बाजूला. नाव नसेल तर साउंडमध्ये कितीही उलथापालथ केलीत तरी उपयोग नाही.

नाव नसेल आणि कार्ड जुनं असेल, तर ड्रायव्हरच्या पॅरामीटरकडे जा. रेडिऑन या जुन्या ड्रायव्हरमध्ये एके काळी एचडीएमआयचा आवाज मुद्दाम बंद ठेवलेला असायचा, कारण काही कार्डांवर त्याने चित्र बिघडायचं. तेव्हा कर्नेलच्या ओळीत 'रेडिऑन.ऑडिओ=१' लिहावं लागे. एएमडीजीपीयूमध्येही 'एएमडीजीपीयू.ऑडिओ' हा पॅरामीटर आहे: उणे १ म्हणजे तूच ठरव, ० बंद, १ चालू. तो मुळात उणे १ असतो. कोणी ० करून ठेवलाय का, तेवढं बघा. एएमडीचा नवा डिस्प्ले कोड २०१८ च्या सुरुवातीला लिनक्स ४.१५ मध्ये आला. त्यामुळे त्याहून जुन्या कर्नेलवर मशीन अडकवून ठेवलं असेल, तर आधी कर्नेल बदला, पॅरामीटरच्या मागे लागू नका.

झॉर्ग या पडदा चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, आणि मिंटचं सिनॅमन डेस्कटॉप मुळात झॉर्गवरच चालतं, 'एक्सरॅन्डआर --प्रॉप' दिल्यावर काही ड्रायव्हरमध्ये प्रत्येक आउटपुटखाली 'ऑडिओ' नावाची प्रॉपर्टी दिसते. इंटेलमध्ये तिच्या चार किमती असतात: फोर्स-डीव्हीआय, ऑफ, ऑटो, ऑन. रेडिऑनमध्ये ऑफ, ऑटो, ऑन. तिथे ऑफ किंवा फोर्स-डीव्हीआय असेल तर आवाज येणारच नाही. ऑटो हीच योग्य जागा. ऑन म्हणजे चिठ्ठी काहीही म्हणो, पाकिटं पाठव. चिठ्ठी खोटी आहे याची खात्री असेल तरच ते वापरा. ज्या मॉनिटरला एचडीएमआय कळत नाही त्याला ही पाकिटं गेली, तर चित्रही जाऊ शकतं.

इथे एक प्रसंग सांगायलाच हवा, कारण शाळा-कॉलेजांत हा दोष मी सर्वांत जास्त पाहिलाय. एका महाविद्यालयाच्या सभागृहात स्नेहसंमेलनाच्या आदल्या संध्याकाळी मला बोलावलं. आठवडाभर टीव्हीवर आवाज येत होता. त्या दिवशी प्रोजेक्टर लावण्यासाठी मध्ये स्प्लिटर (एक सिग्नल दोन पडद्यांना वाटणारी डबी) घातला आणि आवाज गेला. दोन्हीकडे चित्र, आवाज कुठेच नाही. मुलांनी ड्रायव्हर तीनदा काढून घातला होता. मी संगणकाने वाचलेली ईडीआयडीची फाईल काढली ('सिस' मधल्या 'क्लास', 'डीआरएम' या फोल्डरांत प्रत्येक पोर्टची ठेवलेली असते) आणि ती ईडीआयडी-डिकोड या छोट्या प्रोग्रॅममधून वाचली. नाव प्रोजेक्टरचं. एचडीएमआय असल्याची खूण होती, पण 'बेसिक ऑडिओ सपोर्ट' ही ओळ नव्हती आणि ऑडिओ डेटा ब्लॉकही नव्हता. त्या प्रोजेक्टरला स्पीकरच नव्हता, त्यामुळे त्याने खरं तेच सांगितलं होतं. स्प्लिटर मात्र पहिल्या पोर्टवर जे लागेल त्याचीच चिठ्ठी संगणकाला दाखवत होता. टीव्ही पहिल्या पोर्टवर, प्रोजेक्टर दुसऱ्यावर, अशी फक्त अदलाबदल केली. ड्रायव्हरने नवी चिठ्ठी वाचली, ईएलडी भरली, आवाज आला. सॉफ्टवेअरमध्ये एकही सेटिंग बदललं नाही.

म्हणून संगणक आणि टीव्ही यांच्यामध्ये काहीही असलं (स्प्लिटर, स्विच, लांब केबलसाठीचा एक्स्टेंडर) तर आधी ते काढून सरळ जोडून बघा. पोर्ट बदलणं शक्य नसेल तर स्प्लिटरवर ईडीआयडीचा छोटा स्विच असतो का पाहा. तोही नसेल, तर टीव्हीची ईडीआयडी सरळ जोडणीत एकदा साठवून ठेवा, लिनक्सच्या फर्मवेअर फोल्डरात ठेवा आणि 'डीआरएम.ईडीआयडी_फर्मवेअर' या पॅरामीटरने ड्रायव्हरला तीच वाचायला सांगा. हा उपाय खात्रीचा, पण त्या पोर्टला नंतर दुसरा पडदा लावलात तरी ड्रायव्हर त्याला जुनाच टीव्ही समजत राहील. असं केलंत तर मशीनवर चिठ्ठी चिकटवा. दोन वर्षांनी येणाऱ्या माणसाचे हाल वाचतील.

ईएलडी भरलेली आहे आणि तरी शांतता असेल, तर साउंडची बाजू. पॅव्हुकंट्रोलच्या कॉन्फिगरेशन टॅबमध्ये कार्डाचं प्रोफाइल 'डिजिटल स्टिरिओ (एचडीएमआय)' करा. तिथे एचडीएमआय २, एचडीएमआय ३ अशी जास्तीची नावं असतात; तुमचा टीव्ही पहिल्याच क्रमांकावर असेल असं नाही. मग टर्मिनलमधल्या अल्सामिक्सर या प्रोग्रॅममध्ये एफ६ दाबून ग्राफिक्सचं कार्ड निवडा. तिथे व्हॉल्यूमच्या पट्ट्या नसतात, नुसत्या एस/पीडीआयएफच्या खिट्ट्या असतात. एमएम दिसलं म्हणजे बंद, एम दाबून ते ०० करा. हे एवढंसं राहून जातं आणि माणसं दिवस घालवतात.

आता विंडोजचं मशीन. तत्त्व हेच, फक्त खिडक्या वेगळ्या. एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकताना कस्टम पर्याय घेतला असेल तर त्यात 'एचडी ऑडिओ ड्रायव्हर' हा वेगळा चौकोन असतो. तो वगळलेला नाही ना, बघा. मग एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये डिस्प्लेखाली 'सेट अप डिजिटल ऑडिओ' हे पान आहे. तिथे कार्डाचं प्रत्येक पोर्ट आणि त्यापुढे एक यादी दिसते. टीव्हीच्या पोर्टपुढे टीव्हीचं नाव हवं, 'टर्न ऑफ ऑडिओ' नव्हे. त्यानंतर विंडोजच्या साउंडमधल्या प्लेबॅक टॅबवर उजवं बटण दाबून 'शो डिसेबल्ड डिव्हायसेस' वर खूण करा. टीव्ही करड्या रंगात दिसला तर एनेबल करा, डिफॉल्ट करा आणि त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड टॅबवर ४८००० हर्ट्झ ठेवा.

तुम्ही म्हणता आवाज 'कधी येतो, कधी नाही'. याचं कारण बहुधा चालू करण्याच्या क्रमात आहे. पडदा झोपलेला असेल तर काही टीव्ही आपली चिठ्ठी वाचूच देत नाहीत. संगणक आधी सुरू झाला, की त्याला ऐकणारं कोणी सापडत नाही आणि डिफॉल्ट आवाज मदरबोर्डच्या हिरव्या जॅककडे जातो. नंतर टीव्ही लावला तरी तो तिथेच राहू शकतो. आठवडाभर आधी टीव्ही, मग संगणक, असा क्रम ठेवून बघा. सुधारलं तर निदान पक्कं. मग हिरव्या जॅकचं उपकरण विंडोजमध्ये डिसेबल करून टाका. वर्गात ते कोणी वापरत नाही, आणि विंडोजला निवडायला दुसरं काही उरत नाही.

मॉनिटरबद्दल एक गोष्ट. काही मॉनिटरला स्पीकर नसतो, फक्त हेडफोनचा जॅक असतो, तरीही त्यांची चिठ्ठी 'मला आवाज चालतो' असंच सांगते. ड्रायव्हर इमानदारीने आवाज पाठवतो आणि तो त्या जॅकपाशी संपतो. अशा वेळी जॅकला स्पीकर लावा, संगणकात काही चुकलेलं नसतं.

आवाज सुरू झाल्यावर दोन तक्रारी येतील, त्या आताच सांगून ठेवतो. पहिली, प्रत्येक वेळी वाक्याचा पहिला शब्द गिळला जातो. शाळेत हे फार खटकतं. बाराखडीची क्लिप लावली आणि 'क'च ऐकू आला नाही. आवाज थांबला की पाच सेकंदांत साउंड सर्व्हर ते आउटपुट झोपवतो. पुन्हा सुरू झाल्यावर टीव्हीला पाकिटांशी ताळमेळ जुळवायला क्षणभर वेळ लागतो आणि तोवर तो मुका राहतो. मिंट २२ वर पाइपवायर हा साउंड सर्व्हर आहे. तिथे वायरप्लंबर या त्याच्या मदतनीस प्रोग्रॅमच्या कॉन्फिगमध्ये 'सेशन.सस्पेंड-टाइमआउट-सेकंड्स' शून्य करा. आधीच्या मिंटवर पल्सऑडिओ असेल तर 'मोड्यूल-सस्पेंड-ऑन-आयडल' ची ओळ बंद करा. तेवढ्याने भागलं नाही तर साउंड ड्रायव्हरचा 'पॉवर_सेव्ह' हा पॅरामीटर ० करा. विजेचा खर्च नगण्य आहे, वर्गासाठी मी हे डोळे झाकून करतो.

दुसरी तक्रार, आवाजात चरचर किंवा मधेच तुटणं. एचडीएमआयमध्ये आवाजाचं घड्याळ वेगळं पाठवत नाहीत. टीव्ही ते चित्राच्या घड्याळावरून दोन आकड्यांच्या हिशेबाने पुन्हा तयार करतो. १०८० च्या ६० हर्ट्झच्या चित्राचं घड्याळ १४८.५ मेगाहर्ट्झ असतं. ४८ किलोहर्ट्झ आवाजासाठी ड्रायव्हर त्याला ६१४४ आणि १४८५०० ही जोडी देतो. पहिल्याने गुणा, दुसऱ्याने भागा, बरोबर ६.१४४ मेगाहर्ट्झ येतं, म्हणजे ४८००० च्या १२८ पट. कोणी हाताने कस्टम रिझोल्यूशन बनवून चित्राचं घड्याळ विचित्र केलं, की हा हिशेब तितका सरळ राहत नाही. शिवाय 'रिड्यूस्ड ब्लँकिंग' निवडलं तर आडवी पट्टी २८० पिक्सेलवरून १६० वर येते आणि पाकिटांना जागाच कमी पडते. दोन चॅनलला ती पुरते, ५.१ (सहा चॅनल) किंवा ७.१ (आठ चॅनल) ला अडचण होऊ शकते. म्हणून चरचर असेल तर आधी टीव्हीने स्वतः सांगितलेला ६० हर्ट्झचा मोड निवडा, आणि टीव्ही केबलच्या टोकाशी दहा मीटरवर असेल तर छोटी केबल लावून एकदा बघा.

५.१ च्या मागे तुमच्या खोलीत लागू नका. ईएलडीमध्ये चॅनल्स २ असेल तर टीव्ही दोनच घेतो. संगणकातून सहा पाठवलेत तर मधल्या स्पीकरचा आवाज, म्हणजे बोलण्याचा, हरवायची शक्यता असते. स्टिरिओ ठेवा, शिक्षकांचं बोलणं स्पष्ट येईल.

नोमोडसेट काढूनही टीव्ही गप्पच राहिला, तर मला तीन गोष्टी पाठवा: सीएमडीलाइनची ओळ, 'एलएसपीसीआय -के' मधला कार्डाचा भाग, आणि भरलेल्या ईएलडी फाईलचा मजकूर. तिन्ही टीव्ही चालू असताना घ्या, मध्ये काहीही न जोडता.